हरवलेल्या कप्प्यांविषयी खुलासा

“त्या उन्हाळ्यात थोरल्या बंधूंच्या सूनबाईंच्या हातून घरच्या संगणकातील मूळ प्रणालीचे कप्पेच गहाळ झाले. यंत्र मृतवत पडले. सर्वांनी हात टेकले असता अभिलेख शाखेतील माझा प्रदीर्घ अनुभव कामी आला आणि मी शांतपणे मार्ग दाखवला. यंत्रालासुद्धा शिस्त लागते, हे त्या दिवशी सर्वांस पटले.”

हा उतारा माझ्या धाकट्या भावाचा आहे. त्याला ऐंशी वर्षे पूर्ण झाली म्हणून पेन्शनरांच्या मंडळाने स्मरणिका काढली आणि तिच्यात त्याच्या आठवणी छापल्या. त्या आठवणींत त्याने तरुणपणी अंबाझरी तलाव पोहून पार केल्याचेही लिहिले आहे. ते मी सोडून दिले, कारण त्याने कोणाचे नुकसान होत नाही. वरच्या उताऱ्याने होते. माझी सून आज धंतोलीतल्या एका मोठ्या रुग्णालयात रुग्णांच्या कागदपत्रांचा सगळा विभाग सांभाळते. ती स्मरणिका तिथपर्यंत पोचली आणि तिथल्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला हसत विचारले, “मॅडम, संगणक गहाळ करणाऱ्या सूनबाई त्या तुम्हीच का?” तीही हसली, असे तिने मला जेवायला वाढता वाढता सांगितले. मी हसलो नाही.

ज्या गोष्टीला मी साक्षी आहे आणि जिच्याबद्दल इतकी वर्षे गप्प राहिलो, ती आता क्रमाने मांडतो. गप्प का राहिलो, तेही त्या ओघात येईल.

माझी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात, उपकरणांच्या विभागात झाली. तिथे आम्हाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली गेली: ज्या नोंदीवर तारीख आणि वेळ नाही ती नोंदच नव्हे. दाब किती होता, हे कोणीही लिहू शकतो. तो केव्हा होता, हे लिहिले नाही तर पुढच्या पाळीच्या माणसाला त्याचा उपयोग शून्य. भावाची नोकरी सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कार्यालयाच्या अभिलेख शाखेत. तिथला नियम वेगळा. जो कागद बराच काळ कोणी हलवलेला नाही, तो टेबलावर ठेवायचा नाही. लाल कापडात बांधून त्याचा बस्ता अभिलेख कक्षात पाठवायचा. या कामात त्याचा हात धरणारा दुसरा कारकून त्या कार्यालयात नव्हता, हे मी कुठेही सांगायला तयार आहे. त्याच्या या गुणाबद्दल मला आदर आहे. या प्रकरणाचे मूळही त्याच गुणात आहे.

ऐंशीच्या दशकाची ती अखेरची वर्षे. मनीषनगरात तेव्हा घरे कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. आमचे घर नवे होते. मुलगा नोकरीनिमित्त चंद्रपूरला राहत असे आणि रविवारी येत असे. सुनेने सीताबर्डीच्या एका वर्गात संगणक शिकून घेतला होता आणि तिला घरून काही काम करायचे होते. मुलाने एका ओळखीच्या विक्रेत्याकडून वापरलेला संगणक घेतला. तो सायकलरिक्षातून रजईत गुंडाळून घरी आला. शेजारीणबाई हळदकुंकवाची वाटी आणि पेढे घेऊन आल्या. आमच्या घरी यंत्राला हळदकुंकू लावण्याची पद्धत छप्पन साली दीक्षाभूमीवरच संपली होती. पेढे मात्र सर्वांनी खाल्ले.

काम मीच मिळवून दिले. त्याआधी धंतोलीच्या एका खासगी दवाखान्यात माझे हर्नियाचे ऑपरेशन झाले होते. घरी सोडताना मला दिलेला कागद इतक्या वाईट अक्षरात होता की मी तो तिथेच परत केला आणि वाचता येईल असा मागितला. सर्जन चिडले नाहीत. त्यातून बोलणे वाढले आणि रुग्णांना घरी जाताना द्यायचे कागद माझ्या सुनेने टाइप करून द्यावेत, असे ठरले. अट एकच होती. कागद ठरल्या दिवशी पोचले पाहिजेत. एकदा जरी चुकले तर ते हे काम बाजूच्या टायपिंग संस्थेला देणार होते. सुनेच्या दृष्टीने ते काम किती महत्त्वाचे होते, हे तिने कधी बोलून दाखवले नाही. ती संगणकावर बसण्याआधी हात साबणाने धुऊन, पदराला न पुसता वाळू देत असे. मला तेवढ्यावरून कळत असे.

संगणकाला उष्णता सोसत नाही, असे विक्रेत्याने बजावले होते. त्यामुळे घरातला एकुलता कूलर त्या खोलीत गेला. नागपूरचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना पुढचे सांगावे लागणार नाही. कूलर जिथे गेला तिथे दुपारी माझा भाऊ येऊ लागला. तोही तेव्हा निवृत्त झाला होता. त्याचे घर दोन गल्ल्या पलीकडे होते आणि तिथे छताचा पंखा गरम वाराच खाली टाकत असे. जेवण झाले की डोक्याला पंचा गुंडाळून तो यायचा आणि आरामखुर्ची कूलरच्या तोंडाशी ओढायचा. वीज गेली की तिचा जाब मला विचारायचा. “तुह्या कोराडीले काय झालं गा, दादा? पेन्शन घेतली अन् दिवाबी घेऊन आला काय?” निवृत्त माणूस वीज जाण्याला जबाबदार नसतो, हे त्यालाही ठाऊक होते.

रिकामा बसून तो कंटाळला, म्हणून सुनेने त्याला संगणकाच्या थोड्या आज्ञा शिकवल्या. फायलींची यादी कशी पाहायची, नवा कप्पा कसा उघडायचा, फाइलची नक्कल दुसऱ्या कप्प्यात कशी ठेवायची आणि मूळ प्रत कशी पुसायची. आज ज्याला फोल्डर म्हणतात त्याला तेव्हा डिरेक्टरी म्हणत. भावाने त्याला पहिल्या दिवसापासून कप्पा म्हटले आणि आमच्या घरात तोच शब्द रुजला. शिकण्यात तो मंद नव्हता. आठवडाभरात त्याला त्या यंत्रातली मांडणी अव्यवस्थित वाटू लागली. काही फायली कप्प्यांत आहेत आणि काही दारातच मोकळ्या पडल्या आहेत, अशी त्याची तक्रार असे.

आता तारखेविषयी. या यंत्रात घड्याळ चालू ठेवणारा सेल नव्हता. ते दर वेळी सुरू करताना आधी आजची तारीख विचारी आणि मग वेळ. आपण तारीख लिहिली तर बंद होईपर्यंत ती धरून चाले आणि त्या काळात जे काही तयार होई त्यावर तीच तारीख पडे. आपण काही न लिहिता नुसते एंटरचे बटण दाबले तर ते यंत्र स्वतःच्या मनातला एक दिवस गृहीत धरी. तो दिवस त्याच्या कर्त्यांनी मोजणी सुरू करण्यासाठी ठरवलेला होता, एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. विक्रेत्याने हे समजावून सांगितले तेव्हा मी सुनेला म्हटले की तारीख टाळायची नाही. तिने कधी टाळली नाही. मी स्वतः यंत्र फार थोड्या वेळा लावले, पण प्रत्येक वेळी तारीख लिहिली. माझ्या पत्नीने बोटसुद्धा लावले नाही. मुलगा आला की सुनेलाच सुरू करायला सांगे.

भावाला तो प्रश्न अपमानास्पद वाटे. सून यंत्र सुरू करी, पडद्यावर तारखेची विचारणा येई आणि ती लिहिणार तोच हा शेजारून हात घालून एंटर दाबी.

“काकाजी, ते विचारते तर सांगून टाका नं,” ती म्हणे.

“जिंदगीभर साहेबाले तारीख सांगितली. आता या डब्याले सांगू काय? अन् ज्याले आजची तारीख माहीत नाही, त्याले तुम्ही हुशार म्हणून राहिले.”

ती पुन्हा आज्ञा देऊन खरी तारीख भरी. हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले. माझी पत्नी दारातून म्हणे, “मले तर ते चालू असलं काय अन् बंद असलं काय, सारखंच गुरगुरते.” तिच्या कानांना कूलर आणि संगणक यांत फरक कळत नसे.

एका मंगळवारी मी जुन्या सहकाऱ्यांना भेटायला कोराडीला गेलो होतो. सून दुपारी तयार कागद पोचवायला आणि नवे आणायला सिटी बसने धंतोलीला गेली. जाण्याआधी तिने नेहमीप्रमाणे यंत्र बंद केले, कारण विजेचा भरवसा नव्हता. पत्नी आतल्या खोलीत झोपली होती. भाऊ कूलरसमोर होता. संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा तो घरी गेलेला होता आणि यंत्र बंदच होते. पत्नी म्हणाली की दुपारी तिने झोपेत बटणांची टकटक ऐकली आणि सून लवकर परत आली असे तिला वाटले. त्या संध्याकाळी कोणी यंत्र लावले नाही.

बुधवारी सकाळी सुनेने ते लावले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कागद दवाखान्यात पोचवायचे होते, कारण गुरुवारी सकाळी रुग्ण घरी जाणार होते. पडद्यावर एक इंग्रजी वाक्य आले आणि यंत्र तिथेच थांबले. त्याचा अर्थ असा की, आज्ञा समजून घेणारा जो भाग असतो तो एक तर खराब आहे किंवा जागेवर नाही. तिने बंद करून पुन्हा लावले. तेच वाक्य पुन्हा आले.

मी शेजाऱ्यांच्या फोनवरून विक्रेत्याला विचारले. तो म्हणाला, “गर्मी से डिस्क बैठ गई होगी, बाबूजी. ले आओ, देखते हैं.” माझ्या पत्नीचे मत कूलरच्या पाण्याचे शिंतोडे आत गेल्याचे होते. दुपारी भाऊ आला, त्याने सगळे ऐकले, खुर्ची ओढली आणि पंचा सोडत म्हणाला, “मी तर पहिल्या दिवशीच म्हटलं होतं. एवढं नाजूक काम पोरीच्या हाती देऊ नये. तुह्या बायकोनं सोतः ऐकलं का सून काल दुपारी टकटक करून राहिली होती.”

मी म्हटले की सून तेव्हा बसमध्ये होती.

“मग आदल्या दिवशी केलं असन. डॉक्टरले कळवून टाक, दादा, का काम होत नाही. अन् मशीन पोराकडं चंद्रपूरले पाठव. इथं कोण सांभाळन त्याले?”

सून हे ऐकत उभी होती. ती हात धुऊन आली, ते वाळू दिले आणि कपाटातून स्टीलचा डबा काढला. त्यात यंत्रासोबत मिळालेली मूळ प्रणालीची फ्लॉपी होती, काळी, लवचीक, हातरुमालात गुंडाळलेली. यंत्र स्वतःच्या डिस्कवरून उठत नसेल तर या फ्लॉपीवरून उठवता येते, एवढे तिला वर्गात शिकवले होते. तिने ती खाचेत सरकवली. यंत्र घरघरत सुरू झाले आणि त्याने तारीख विचारली. तशा घाईतही तिने तारीख लिहिली. मी तिच्या खुर्चीमागे उभा होतो आणि ते मी पाहिले.

मग तिने डिस्कची यादी पडद्यावर आणली. रुग्णांचे कागद जिथल्या तिथे होते. दारातल्या मोकळ्या फायली मात्र नव्हत्या. ज्या कप्प्यात प्रणालीच्या बाकीच्या फायली असत, तो रिकामा होता. आणि ‘ओल्ड’ नावाचा एक नवा कप्पा होता, जो आमच्यापैकी कोणी पूर्वी पाहिलेला नव्हता. तिने तो उघडला. हरवलेली प्रत्येक फाइल त्यात होती.

इथे विक्रेत्याचे आणि माझ्या पत्नीचे म्हणणे निकालात निघते. उष्णता आणि पाणी वस्तू बिघडवतात, आवरून ठेवत नाहीत. हे कोणीतरी आवरले होते, आणि कसे आवरले तेही त्या फायलींवर दिसत होते. यंत्र बनवणाऱ्यांनी त्या ज्या दिवशी तयार केल्या त्याच तारखा त्यांच्यावर होत्या, म्हणजे दोन-तीन वर्षे जुन्या. रुग्णांचे कागद चालू महिन्याचे. ज्याने आयुष्यभर तारखा पाहून कागद वेगळे केले, त्याला त्या यादीत काय दिसेल, याचा विचार वाचकाने करावा. दोन-तीन वर्षे कोणी न हलवलेली प्रकरणे दारातच पडली आहेत, असेच दिसेल. त्या फायली जुन्या दिसतात तरी यंत्र रोज सकाळी त्यांच्याच आधारावर उठते, हे नियमाच्या पुस्तकात कुठे लिहिलेले नसते. नक्कल कप्प्यात ठेवून मूळ प्रत पुसली तरी चालू असलेले यंत्र बहुधा लगेच बंद पडत नाही. दुसऱ्या दिवशी जो लावायला जाईल त्याच्या हातात ते बंद पडते.

सुनेने पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवले आणि ती हळूच मला म्हणाली, “मामाजी, हे पाहा.”

मी पाहिले. काय पाहिले ते शेवटी सांगतो, कारण पुरावा शेवटीच मांडावा. मी वळून भावाकडे पाहिले. तो कूलरच्या झोतात डोळे मिटून पडला होता आणि त्याच्या पायाची बोटे हलत होती. मी बोलणार हे तिला कळले.

“मामाजी, काकाजींना नका सांगू,” ती म्हणाली. “ते येणं बंद करतील. इथं त्यांना बरं वाटते.”

“अन् तुह्यावर आलं त्याचं काय?”

“मशीन राहिलं म्हणजे झालं.”

मी शब्द दिला. भावाने डोळे न उघडता विचारले की काय सापडले. सुनेने सांगितले की फायली दुसऱ्या कप्प्यात आहेत. तो म्हणाला, “मग जे जिथलं आहे तिथं ठेवून दे.” स्मरणिकेत त्याने जो मार्ग शांतपणे दाखवल्याचे लिहिले आहे, तो एवढाच. तो दाखवला तेव्हा तो खरोखर शांत होता, हे मी मान्य करतो.

तिने फायली परत जागेवर ठेवल्या. फ्लॉपी काढून यंत्र लावले तर ते स्वतःच्या डिस्कवरून उठले. संध्याकाळी तिने टाइप केलेले कागद मी स्वतः धंतोलीला नेऊन दिले. दवाखान्यात कोणाला काही कळले नाही.

परंतु भाऊ थांबला नाही. रविवारी मुलगा आला तेव्हा त्याने सगळ्यांसमोर विषय काढला. आज निभावले, उद्या निभावणार नाही, मशीन चंद्रपूरला जावे, असे त्याने पुन्हा मांडले. मुलगा गोंधळला. त्याने बायकोकडे पाहिले, मग माझ्याकडे. भाऊ म्हणाला की एवढी मोठी चूक पोरीच्या हातून झाली, हे तरी दादाने कबूल करावे.

मी म्हटले, “मशीन इथंच राहीन. काम बी तीच करन.”

“काहून गा?”

“मी पाहिलं म्हणून.”

“काय पाहिलं?”

सून पाण्याचे पेले ठेवत होती. तिने मान वर केली नाही. मी म्हटले, “पाहिलं ते पाहिलं.”

भावाने त्याचा अर्थ असा घेतला की थोरल्या भावाने सुनेचा पक्ष घेतला आणि पुरावा नसल्यामुळे विषय मिटवला. मी त्याला तसे समजू दिले. मशीन राहिले. पुढे दुसऱ्या दवाखान्याचेही काम आले आणि काही वर्षांनी तिला रुग्णालयातली नोकरी मिळाली. पुढच्या उन्हाळ्यात भाऊ पुन्हा पंचा गुंडाळून कूलरपाशी आला, त्याच्याही पुढच्या उन्हाळ्यात आला. माझा शब्द मी पाळला. तो पाळत असताना दुसऱ्या बाजूने ही कथा लग्नाकार्यांत सांगितली जात आहे, हेही मी ऐकून घेतले. तोंडी गोष्ट विरून जाते. छापलेली जात नाही. स्मरणिका वाचल्यावर मी सुनेला विचारले की आता मला मोकळे करशील का. तिने विचार केला आणि ती म्हणाली, “लिहा, मामाजी. पण काकाजींचं नाव नका लिहू.” म्हणून या लेखात कोणाचेच नाव नाही.

स्मरणिका आल्यानंतर मी भावाला एकदा समोरासमोर विचारले. ‘ओल्ड’ हा शब्द इंग्रजी, तो कोणालाही येतो, असे तो म्हणाला. ते खरे आहे. बटणांची टकटक माझ्या पत्नीने झोपेत ऐकली आणि झोपेतली साक्ष कोणाच्याच बाजूने धरता येत नाही, हेही खरे आहे. सुनेने घाईत केले असेल आणि विसरली असेल, असेही तो म्हणाला. या शेवटच्या म्हणण्याला उत्तर आहे. सुनेने त्या यंत्रावर घाईत केलेली कामे पुष्कळ होती आणि ती सगळी त्या यादीत दिसत होती. प्रत्येकीसमोर तिची खरी तारीख होती. त्या संपूर्ण डिस्कवर एकच ओळ तशी नव्हती आणि त्याच ओळीवर तिने बोट ठेवले होते. ‘ओल्ड’ या कप्प्यासमोर, तो तयार झाल्याचा दिवस म्हणून, एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी असे लिहिलेले होते.